घड्याळ थांबवणाऱ्या काकांना

इचलकरंजीच्या काकांना,
स. न. वि. वि.

बुद्धिबळाच्या स्पर्धेनंतर कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या त्या हॉलमधून निघताना मी नुसतं "येतो काका" म्हणालो. त्याला आभार म्हणत नाहीत, म्हणून हे पत्र.

वेळ होती दीड तास, वर दर चालीला तीस सेकंद जादा. चाळीस चाली झाल्या तेव्हा तुमच्याकडं पंचवीस मिनिटं, माझ्याकडं जेमतेम तीन. त्यात माझं एक प्यादं कमी. तुम्ही गप्प खेळत राहिला असता तर माझा फ्लॅग पडलाच होता, म्हणजे वेळ संपून मी हरलोच होतो. पण तुम्ही घड्याळाकडं जरा निरखून बघितलं, ते थांबवलं आणि आर्बिटरना, म्हणजे पंचांना, हात केला. "साहेब, तीस सेकंद वाढंनात की!" घड्याळ लावतानाच जादा वेळ लावायचा राहिला होता. चाली लिहिलेली स्कोअरशीट तपासून दोघांनाही वीस-वीस मिनिटं मिळाली. तुम्हाला त्यांची गरज नव्हती.

घड्याळ थांबवून आर्बिटरना बोलवायची मुभा नियमातच आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. समोरच्याचा वेळ संपत आलेला असताना ती वापरणारा मला तरी पहिल्यांदाच भेटला.

त्या वीस मिनिटांवरच मी हत्ती-प्याद्याचं एंडिंग, म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा, तगवलं. माझा राजा ई-८ घरावर, हत्ती सहाव्या ओळीत एच-६ वर. तुमच्या राजाला पुढं यायला वाटच नाही. तुम्ही प्यादं ई-६ ला सारल्यावर माझा हत्ती थेट खाली एच-१ ला, आणि मग मागून शहावर शह. फिलिडोर या फ्रेंच खेळाडूनं १७७७ मध्ये छापलेली युक्ती. गडी पेशानं संगीतकार होता, तरी आजही अर्धा गुण मिळवून देतो! बघ्यांपैकी कुणीतरी "बरोबरी व्हय?" म्हणून तोंड वाकडं केलं. आपल्या भागात कुस्ती निकालीच हवी असते. त्याला कोण काय करणार.

वर तुम्ही चहा सांगून पुन्हा सगळा डाव मांडलात. तुम्ही हत्तींची मारामारी टाळून आधी एच-पट्टीतलं प्यादं पुढं काढायला हवं होतं, असं तुमचं म्हणणं. मी घरी तपासलं. माझ्या राजाला आडोसा उरत नव्हता, चार चालींत खेळ खलास होता. तेव्हा काका, अर्धा गुण तुमचाच जादा होता. पुढच्या स्पर्धेला मिसळ माझ्याकडून, कट जादा.

आपला,
काळे मोहरे घेऊन बसलेला