कृषिमंत्र्यांना खुले पत्र: कीड मारणारा लेझर आधी आमच्या चिखलात चालवून पाहा

प्रति,
मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,
सविनय नमस्कार.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात येता, तेव्हा विधानभवनापासून तासाभराच्या अंतरावर पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, दुसरी-तिसरी वेचणी चालू असते. त्या दिवसांत एखादे हिरवे बोंड तोडून हातात घेतले, तर बाहेरून ते अगदी निरोगी दिसते. फोडल्यावर मात्र सरकी पोखरत बसलेली गुलाबी अळी सापडते आणि कापसाची कवडी झालेली असते, म्हणजे तो न उमलता निकामी झालेला असतो. राज्याने २०२५ मध्ये शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यासाठी महाॲग्री-एआय धोरण मंजूर केले, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये ठेवले आणि त्यात रोबोटचाही विचार केला. या यंत्रांकडून कीडनियंत्रणाची अपेक्षा ठेवताना ते फोडलेले बोंड समोर असावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

फवारणीला पर्याय हवा, याविषयी माझ्या मनात शंका नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्याच वर्षी आमच्या काटोल तालुक्यातील शेतात फवारणी करणारा मजूर दुपारी धुऱ्यावर येऊन बसला आणि डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणाला. पाठीवरचा पंप उतरवला, तेव्हा त्याचा शर्ट औषधाने भिजून पाठीला चिकटलेला होता. तो वाचला. मी त्याला हातमोजे दिले नव्हते, हेही येथे लिहिले पाहिजे.

लेझरने काय साधते, हे आता केवळ कल्पनेवर राहिलेले नाही. अमेरिकेत कॅमेऱ्याने तण ओळखून ते लेझरने जाळणारी यंत्रे भाजीपाल्याच्या शेतात चालतात. जपानमध्ये ओसाका विद्यापीठातील संशोधकांनी उडत्या पतंगाचा कॅमेऱ्याने माग काढून त्याला निळ्या लेझरने पाडण्याचे तंत्र विकसित केले आहे. तो पतंग म्हणजे आपल्या सोयाबीनवर येणाऱ्या तंबाखूच्या अळीचाच. परंतु तण जागचे हलत नाही, पतंग हलतो, आणि गुलाबी बोंडअळी तर दिसतच नाही. अंड्यातून निघालेली अळी लवकरच पातीत (फुलाच्या कळीत) किंवा बोंडात शिरते. मग किरण तिच्यापर्यंत पोचणार कसा? राहिला तिचा पतंग. तो जेमतेम सेंटिमीटरभर लांब, मातकट रंगाचा, दिवसा पाचोळ्यात दडणारा आणि रात्री फिरणारा. मादीच्या गंधाचे आमिष लावलेल्या कामगंध सापळ्यापाशी लेझर बसवावा म्हटले, तर त्या गंधाला फक्त नर येतात आणि त्यांना तर साधा सापळाही धरतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की कापसात तूर्त मारणाऱ्या यंत्रापेक्षा मोजणाऱ्या यंत्रावर खर्च व्हावा. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की उपाय करावा, हा निकष कृषी विद्यापीठे वर्षानुवर्षे सांगत आली आहेत. पण रोज सकाळी सापळे मोजत कोण फिरतो? (मी फिरत नाही.) सापळ्यातील पतंग मोजून मोबाइलवर आकडा पाठवणारा छोटा कॅमेरा एक-दोन अनावश्यक फवारण्या वाचवू शकेल.

लेझरची खरी परीक्षा संत्र्यावर घेता येईल. सिट्रस सायला ही कीड नवतीवर, म्हणजे कोवळ्या पालवीवर, येते, झाडाझाडांवर उडत जाते आणि ग्रीनिंग रोग पसरवते. २००५ मध्ये हा रोग आढळल्यापासून फ्लोरिडातील संत्रा उद्योग खचत गेला. तेथे याच किडीला उडतानाच टिपणाऱ्या लेझरच्या कुंपणाच्या चाचण्या झाल्या आहेत. केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था या दोन्ही नागपुरातच आहेत. त्यांच्या प्रक्षेत्रावर आणि सोबत काटोल-नरखेडच्या काही बागांत एक पूर्ण वर्ष, म्हणजे संत्र्याचे आंबिया आणि मृग हे फुलोऱ्याचे दोन्ही बहार धरून, अशी चाचणी घ्यावी, ही माझी मुख्य विनंती आहे.

या चाचणीचे यश किती किडी मेल्या यावर ठरवू नये. किती फवारण्या कमी झाल्या आणि एकरी खर्च किती आला, यावर ठरवावे. ढालकिडे आणि मधमाश्या हे शेतकऱ्याचे मित्रकीटक यंत्राला वेगळ्या ओळखता येतात का, हे तपासावे. अपयश आले, तर तेही मराठीत प्रसिद्ध करावे. डोळ्यांच्या सुरक्षेचे नियम चाचणीआधीच ठरवावेत, कारण आमच्याकडे शेतीची वीज बरेचदा रात्री येते आणि पतंग उडण्याच्या वेळीच शेतकरी ओलितासाठी शेतात असतो. यंत्र विकत घेणे चार-पाच एकरवाल्याला झेपणारे नाही. ते अवजारे बँकेतून भाड्याने मिळावे आणि चालवण्याचे प्रशिक्षण आज पाठीवर पंप घेणाऱ्या मजुरांना आधी द्यावे.

चाचणीसाठी माझ्या बागेतील दोन एकर मी विनामोबदला देण्यास तयार आहे. अट एवढीच की यंत्र ऑगस्टमध्ये, पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आणावे, जेव्हा काळ्या मातीत बैलाचा पायही गुडघाभर रुततो.

आपला विश्वासू,
काटोल तालुक्यातील एक कापूस व संत्रा उत्पादक
जि. नागपूर