मल्लखांबाच्या मुलांना भाषणांच्या आधी मैदानात उतरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

26 जानेवारी जवळ आली की मल्लखांब आणि ढोलताशाच्या मोठ्या कार्यक्रमांची तयारी सुरू होते, त्याबद्दल थोडं लिहायचंय. माझी मुलगी दोरीच्या मल्लखांबावर असते आणि मी स्वतः बरीच वर्षं पथकात ताशा वाजवलाय, म्हणून दोन्हीकडचं माहितीये.

मागच्या वेळी एका कार्यक्रमात मुलं पहाटे साडेसहाला मैदानावर हजर, नाशिकची जानेवारीतली थंडी आणि अंगावर चड्डी-बनियन. सातला वॉर्मअप झाला, पाहुणे आले नऊला, मग सत्कार, मग भाषणं आणि मग एकदम "चला, चढा रे". तोवर अंग पार गार पडलेलं, पोटऱ्यांत गोळे येत होते. खांबाला एरंडेल लावतात तेही थंडीत घट्ट होतं, पकड रोजच्यासारखी बसत नाही. एक मुलगा वरच्या अढीतून (पायांच्या पकडीतून) सुटला, खाली गादी होती म्हणून मनगटावर निभावलं. माझे तर हातपायच कापायला लागले होते.

दुसरं ढोलाचं. पथक आणि ही मुलं एकमेकांना पहिल्यांदा भेटली ती थेट कार्यक्रमाच्या दिवशी! नाशिक ढोल एकदा घुमायला लागला की सरांची शिट्टी शेजारच्यालाही ऐकू जात नाही, आणि मुलांच्या मनोऱ्यावरून कोणी कधी उतरायचं ते सगळं त्या शिट्टीवर असतं हो. ताशेवाल्याला सर दिसतील असं उभं करा, मनोरा चढेपर्यंत नुसता ताशा बारीक चालू ठेवा, वरच्या मुलाने तिरंगा उघडला की मग होऊ दे काय ते ढोल. उतरताना परत बंद.

बाळंभटदादा देवधरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मल्लखांबाची ही विद्या पुन्हा उभी केली, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी 1936 ला बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले खेळ करून दाखवले, आणि आपण तिला दोन भाषणांच्या मधल्या वेळात बसवतो, याचं खरंच वाईट वाटतं.

आयोजकांना विनंती एवढीच की झेंडावंदन झाल्या झाल्या मुलांना मैदानात उतरवा, तोपर्यंत त्यांच्या अंगावर स्वेटर राहू द्या आणि आधी किमान दोन दिवस त्याच मैदानावर, सकाळी त्याच वेळेला, पथकासकट तालीम घ्या. गाद्या टाकायला आणि उचलायला आम्ही पालक येतो, कितीही पहाटे बोलवा.

एक आई आणि जुनी ताशेवाली,
इंदिरानगर, नाशिक