समोरच्या गेटवरच्या काकांना

काका, नमस्कार.

परवा तुम्हाला समोरासमोर थँक्यू म्हटलं, तर तुम्ही "बरं बरं" म्हणत डबा उचलून निघालात. म्हणून हे लिहितेय. नातवाकडून मोबाईलवर वाचून घ्या. इतरांनीही वाचलं तर चालेल. आपल्या दादरच्या या एका गल्लीत अजून तीन जुन्या गाड्या ताडपत्रीखाली उभ्या आहेत, आणि त्यांच्या मालकांवरही कधीतरी माझ्यासारखी वेळ येणारच.

आमची फियाट १९९३ची. कागदावर प्रीमियर पद्मिनी, पण मुंबईत तिला त्या नावानं हाक कोण मारतं! पहिल्या मोठ्या पावसानंतर ती रुसली. सेल्फ मारला की इंजिन छान फिरायचं, चालू मात्र व्हायचं नाही. गॅरेजवाले ओढून घेऊन गेले. आठवडाभरानं आली ती नवी बॅटरी, नवे चार प्लग आणि नवा एसी पंप (म्हणजे पेट्रोलचा पंप) लावून. बिल बघून बाबा दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत, आणि आमच्या बाबांच्या बाबतीत हे फार झालं. गाडी एक दिवस चालली, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गॅरेजमधून सल्ला आला, "मॅडम, आता भंगारात द्या."

शनिवारी सकाळी मी सेल्फवर सेल्फ मारत होते आणि बाबा गॅलरीतून ओरडत होते, "चोक ओढ! चोक ओढ!" (चोक ओढला की इंजिनात हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं.) तुमची रात्रपाळी संपली होती. तुम्ही खिडकीशी येऊन म्हणालात, "ताई, पुरे. आता पेट्रोलनं आंघोळ झाली असेल तिची. मला जरा ऐकू द्या."

दोन वर्षं रोज तुम्हाला नमस्कार करतेय, पण तुम्ही आधी काय करत होतात हे कधी विचारलं नाही, याची खरंच लाज वाटली. सव्वीस वर्षं काळी-पिवळी चालवलीत, तीही फियाटच. मधे तुम्ही सहज सांगितलंत, की शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ला, आणि वीस वर्षं भरल्यावर २०२३च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. तारीख तुम्ही अशी सांगितलीत, जशी घरातल्या कुणाची सांगावी.

तुम्ही आधी कशालाही हात लावला नाहीत. नुसतं ऐकलंत. "फिरण्याचा आवाज एकसारखा आहे, मधे कुठे सैल पडत नाही. म्हणजे चेन शाबूत, कॉम्प्रेशन शाबूत. बॅटरीला तर दोषच नव्हता, नाहीतर एवढी फिरली असती का?" टायमिंग चेन तुटली असती तर इंजिन भिरभिरं फिरल्यासारखं हलकं फिरलं असतं, हेही तेव्हाच कळलं.

मग एअर फिल्टर काढून मला आत बघायला लावलंत आणि हातानं ॲक्सिलरेटरची दांडी ओढलीत. कार्बोरेटरच्या घशात पेट्रोलची बारीक धार उडाली. "पेट्रोल येतंय. पंप बदलायचं काही कारण नव्हतं." प्लग काढला तर ओला, वास नाकात बसेल इतका ओला. पेट्रोल पोचतंय आणि जळत नाही, म्हणजे उरला करंट. पाच मिनिटांत तुम्ही अर्धं इंजिन संशयातून मोकळं केलंत, तेही एकही पार्ट विकत न आणता.

चारही प्लगना पाळीपाळीनं करंट वाटणाऱ्या डेल्कोच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या, टोपणातली मधली जाड वायर काढून, सुक्या फडक्यात धरून, तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून अर्ध्या बोटावर धरलंत आणि मला सेल्फ मारायला सांगितलंत. ठिणगी आली, पण पिवळी, मरतुकडी. "निळी पाहिजे. चट्‌ असा आवाज यायला पाहिजे." दोन वायरी जोडलेला इंडिकेटरचा बल्ब कॉइलला, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाला, लावलात. चावी ऑन केल्यावर एका बाजूला तो पेटला, म्हणजे करंट कॉइलपर्यंत येतोय. दुसऱ्या बाजूला लावून सेल्फ मारला तर लुकलुकला, म्हणजे डेल्कोतले करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट उघडमीट करताहेत.

पुढचं मी विसरणार नाही. डेल्कोचं टोपण काढून तुम्ही माझी छत्री उघडलीत आणि बॉनेटखाली अंधार केलात. बाबांनी वरून विचारलं, "पाऊस कुठाय?" सेल्फवर शेजारच्या मुलाला बसवलंत आणि मला म्हणालात, "वाका. पॉइंटांकडे बघा." त्या एवढ्याशा फटीत निळसर-पांढऱ्या ठिणग्यांची नुसती आतषबाजी चालली होती. "जी ठिणगी प्लगवर पडायला पाहिजे, ती इथंच जळतेय. कंडेन्सर गेला."

काका, मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. फळ्यावर कंडेन्सरच्या त्या दोन समांतर रेषा मी किती वेळा काढल्या असतील, मोजदाद नाही. पॉइंट उघडतात त्या क्षणी करंट झटकन तुटला पाहिजे, तरच कॉइलमधून हजारो व्होल्टचा दणका निघतो. तो तुटता करंट पोटात घ्यायला तिथे जेमतेम ०.२ मायक्रोफॅरडचा, अंगठ्याएवढा कंडेन्सर बसवलेला असतो. तो मेला की करंट फटीतूनच उड्या मारत राहतो, हळूहळू विझतो आणि दणका काही निघत नाही. हे सगळं मला येत होतं. पण माझ्याच गाडीत, माझ्याच छत्रीखाली ते बघेपर्यंत मीही बॅटरीच बदलत बसले होते. गॅरेजनंतर गाडी एक दिवस का चालली, तेही तेव्हाच उलगडलं. त्यांनी पॉइंट घासले असणार, आणि मेलेल्या कंडेन्सरनं ते पुन्हा जाळले. एका पॉइंटवर खड्डा आणि समोरच्यावर त्याच मापाचा उंचवटा, तुम्ही नखानं दाखवलात.

मी म्हटलं ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत जाऊन नवा कंडेन्सर घेऊन येते. तुम्ही म्हणालात, "नवा मिळेल, पण चांगला मिळेल याची गॅरंटी नाही," आणि घरी जाऊन बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आलात. टॅक्सी गेली तरी डबा ठेवलात! त्यात रोटर, पॉइंट, फॅन बेल्ट आणि तेलकट कागदात गुंडाळलेले दोन कंडेन्सर. पॉइंट पॉलिश पेपरनं साफ केलेत, फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) अर्ध्या मिलिमीटरच्या जरा आत फट बांधलीत, प्लग सुकवून बसवलेत. चोक न ओढता, ॲक्सिलरेटर दाबून धरून सेल्फ मारायला सांगितलंत. तिसऱ्या फेरीला सायलेन्सरमधून काळा धूर आला आणि गाडी चालू झाली. बाबा गॅलरीतून म्हणाले, "मी चोकच म्हणत होतो." तुम्ही मान वर करून त्यांना हात केलात, त्याबद्दल वेगळे आभार.

पैसे विचारले तेव्हा तुम्ही उगाच आढेवेढे घेतले नाहीत. कंडेन्सरचे अमुक आणि मेहनतीचे तमुक असं सरळ सांगितलंत, तेही मला आवडलं. आकडा इथे लिहीत नाही, उद्या गल्लीतले सगळे घासाघीस करायला येतील.

गाडी नऊ दिवस एका सेल्फमध्ये चालू होतेय. जुना कंडेन्सर मी कॉलेजात नेला होता. मुलांनी तो हातोहात फिरवला आणि एकानं विचारलं, "मॅडम, एवढ्याशासाठी गाडी बंद पडते?"

या रविवारी तुमची पाळी सुटली की गाडी गेटशी आणते. बाबांना वरळी सी फेसपर्यंत चक्कर मारायची आहे आणि त्यांचं म्हणणं आहे की गाडी तुम्हीच चालवावी, मी गिअर फार जोरात टाकते. येताना डबा आणा. हॉर्न कालपासून वाजत नाहीये.

तुमची,
फियाटवाली ताई