उंच मुली घडवणाऱ्या ठेंगण्या गार्डला

आदरणीय डॉन स्टेली मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आभार मानायचे आहेत, पण तुमच्या बास्केटबॉलमधल्या पदकांबद्दल नाही. अटलांटा, सिडनी आणि अथेन्स अशी खेळाडू म्हणून सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं, मुख्य प्रशिक्षक म्हणून टोकियोत संघाला मिळवून दिलेलं सुवर्ण, आणि साउथ कॅरोलिना विद्यापीठाला मिळवून दिलेली २०१७, २०२२ आणि २०२४ ची महिलांची राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपदं. त्यासाठी तुमचे आभार मानणारे तुमच्या देशात पुष्कळ आहेत. विद्यापीठाच्या कोलंबिया शहरात २०२५ मध्ये तुमचा पुतळाही बसला. माझं कारण अगदी घरगुती आहे. तुम्ही ५ फूट ६ इंच उंचीच्या, आयुष्यभर पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन इतरांना पास देणारी खेळाडू. आणि तुमच्या तिन्ही विजेत्या संघांचा कणा मात्र सव्वासहा फुटांच्या वरच्या मुलींचा होता: आधी एजा विल्सन, मग अलिया बॉस्टन, मग कामिला कार्डोसो. गार्ड म्हणून खेळलेली बाई सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारी उंच खेळाडू, घडवू शकते, हे मी तुमच्याकडून शिकले. ते मला अगदी वेळेवर कळलं, म्हणून हे पत्र.

मी स्वतः ५ फूट २ इंच. कॉलेजकडून, मग विद्यापीठाकडून गार्ड म्हणून खेळले. आता तालुक्याच्या गावात शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर मुलींना शिकवते. खेळताना जे हातात बसलं होतं ते शिकवायला सोपं गेलं: डाव्या हाताने ड्रिबल, मान वर ठेवून पास, धावत जाऊन रिंगजवळून बॉल टाकायचा लेअप. पण रिंगकडे पाठ करून खेळायचं कसं, हे मला कधी कुणी शिकवलंच नव्हतं. त्याची गरजच पडली नव्हती. त्यामुळे एखादी उंच मुलगी आली की मी तिला “हात वर कर” एवढंच सांगू शकायची. पुढे काय, ते तिलाही माहीत नसायचं आणि मलाही.

खेळाडू कोच झाला की अशी गोची होतेच. जे आपल्याला आपोआप सुचायचं ते दुसऱ्याला का सुचत नाही, हेच त्याला कळत नाही. मग तो स्वतःसारखेच खेळाडू शोधत बसतो. मोठमोठे खेळाडू कोच म्हणून का फसतात, यावर आमच्याकडे चहाच्या टपरीवर हिरिरीने वाद होतात. तुमचं उदाहरण दिलं की वाद जरा थंडावतो.

तुमचं बालपण मी मुलींना अनेकदा सांगितलंय. उत्तर फिलाडेल्फियातली रेमंड रोझेन ही सरकारी वसाहत, पाच भावंडांत तुम्ही शेंडेफळ, आणि कोर्टवर सगळे मुलगेच. आई एस्टेल साउथ कॅरोलिनातून तिथे आलेली, शिस्तीची. पोरं खेळायला घेत नसतील तर बॉल आपलाच हवा, हे आमच्या मुलींना वेगळं समजवावं लागत नाही. आमच्याही ग्राउंडवर संध्याकाळी पाचनंतर क्रिकेटवाले येतात.

पण मुलींना सगळ्यांत जास्त भावतात ते तुमचे पराभव. व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना तुम्ही १९९०, १९९१ आणि १९९२ असं लागोपाठ तीन वर्षं संघाला राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चारमध्ये नेलं आणि तिन्ही वेळा रिकाम्या हातांनी परत आलात. १९९१ च्या अंतिम सामन्यात टेनेसीने जादा वेळेत ७०-६७ असं हरवलं. तुमचे २८ गुण होते. हरलेल्या संघातली असूनही सर्वोत्तम खेळाडूचा मान तुम्हालाच मिळाला. असा मान घेताना माणसाने चेहरा कसा ठेवायचा? पुढच्या वर्षी उपांत्य सामन्यात स्टॅनफर्डकडून ६६-६५. त्यानंतर देशातली सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू असूनही बार्सिलोना ऑलिंपिकच्या संघात तुमचं नाव नव्हतं.

स्टॅनफर्डच्या तेव्हाच्या कोच टॅरा व्हॅन्डरव्हिअर. १९९० मध्येही उपांत्य फेरीत तुम्हाला त्यांनीच रोखलं होतं. आणि १९९६ मध्ये अमेरिकेच्या ऑलिंपिक संघाच्या कोच त्याच, गार्ड तुम्ही. तो संघ सरावदौऱ्यात ५२ आणि ऑलिंपिकमध्ये ८, असे साठच्या साठ सामने जिंकला. आमच्याकडे जिल्ह्याच्या निवड चाचणीत समोरच्या शाळेचे सर निवड समितीवर असले की पालक आधीच तक्रारीचा अर्ज लिहून ठेवतात. त्यांना मी ही गोष्ट ऐकवते. अर्ज तरीही लिहिले जातात, ते सोडा.

तुम्हाला कोच व्हायचंच नव्हतं. २००० मध्ये टेंपल विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे प्रमुख डेव्ह ओब्रायन मागे लागले, तेव्हाही तुम्ही आधी नाही म्हणालात. अखेर घरच्याच शहरातलं ते पद घेतलंत, पण खेळणं सोडलं नाही. महाविद्यालयीन मोसम नोव्हेंबर ते मार्च आणि डब्ल्यूएनबीए, म्हणजे अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक लीग, उन्हाळ्यात. या फटीत तुम्ही सहा वर्षं दोन्ही निभावलं. उन्हाळ्यात शार्लट स्टिंगच्या गार्ड, २००१ मध्ये त्या संघाबरोबर थेट अंतिम फेरीपर्यंत. हिवाळ्यात टेंपलच्या बाकाजवळ उभ्या. २००४ मध्ये अथेन्सला अमेरिकेचा झेंडा घेऊन पुढे चालणारी ही बाई मायदेशी परतून कॉलेजच्या पोरींचा सराव घेणार होती, हे मला आजही नीट पचत नाही. २००६ मध्ये ह्यूस्टन कॉमेट्सकडून शेवटचा मोसम खेळून तुम्ही थांबलात. लग्नानंतर खेळ थांबवून एका दिवसात “माजी खेळाडू” झालेल्या माझ्यासारख्या बायकांना या सहा वर्षांचा हेवा वाटतो. मनापासून वाटतो, म्हणून लिहिते.

२००८ मध्ये तुम्ही साउथ कॅरोलिनात आलात. पहिल्या मोसमात १० विजय, १८ पराभव. प्रेक्षक नाममात्र. सहा वर्षांनी, २०१४ मध्ये, देशातली सर्वाधिक मागणी असलेली शाळकरी खेळाडू तुमच्याकडे आली, आणि ती तिथल्याच हॉपकिन्सची निघाली. एजा विल्सन. तिच्या आजीच्या लहानपणी कृष्णवर्णीय माणसाला त्या विद्यापीठाच्या आवारातून चालत जाता यायचं नाही, बाहेरून वळसा घालावा लागायचा. विसाव्या शतकात तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पहिला प्रवेश मिळाला तोच १९६३ मध्ये. जानेवारी २०२१ मध्ये त्याच विद्यापीठाच्या मैदानाबाहेर नातीचा पुतळा उभा राहिला. पाणवठ्यावरून, देवळाच्या पायरीवरून अडवल्या गेलेल्या लोकांची नातवंडं आमच्या टीममध्येही आहेत. हा भाग सांगताना मला फार बोलावं लागत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. आमच्याकडे आठवीत एक मुलगी आली. वर्गातल्या सगळ्या मुलांहून उंच. चालायची मात्र खांदे पाडून, मान खाली घालून. घरी आजी रोज म्हणायची, “अशीच वाढत राहिलीस तर नवरा कुठून आणायचा?” कोर्टवर बॉल हातात आला की ती पहिल्यांदा गुडघ्यात वाकायची, जणू आपली उंची परत करून टाकायची होती तिला. मी तिला गार्डच्या सगळ्या ड्रिल दिल्या. काही उपयोग झाला नाही.

तेव्हा मी तुमचे सामने बघायला लागले होते. १९९२ चाच आकडा २०२१ च्या उपांत्य सामन्यात पुन्हा आला: स्टॅनफर्ड ६६, तुम्ही ६५. समोर पुन्हा व्हॅन्डरव्हिअर. शेवटच्या क्षणी रिबाउंड, म्हणजे रिंगवरून उसळलेला बॉल, घेऊन बॉस्टनने टाकलेला बॉल रिंगवरून बाहेर आला आणि ती तिथेच रडत राहिली. त्यानंतरच्या मोसमात तिने सलग २७ सामन्यांत गुण आणि रिबाउंड दोन्ही दोन आकड्यांत नेले. २०२२ च्या अंतिम सामन्यात समोर कनेटिकट. त्याआधी ११ अंतिम सामने खेळून एकही न हरलेला संघ. तुम्ही ६४-४९ असं जिंकलात. रिबाउंड ४९ विरुद्ध २४. बॉस्टनचे त्यात १६. आणि सर्वाधिक २६ गुण कुणाचे? डेस्टनी हेंडरसनचे, जी तुमच्यासारखीच ठेंगणी गार्ड. आतली मुलगी ताकदीची असली की समोरचा बचाव तिच्याभोवती गोळा होतो आणि बाहेरच्या मुलीला मोकळी जागा मिळते, हे पुस्तकात वाचलेलं होतं. त्या दिवशी पहाटे साडेपाचला ते मोबाइलच्या पडद्यावर उलगडत गेलं.

म्हणजे तुम्ही गार्डचा खेळ कधी सोडलाच नव्हता. पास देणारीला बॉल कुठे जायला हवा ते दिसतं, आणि तो रिंगच्या सगळ्यांत जवळच्या माणसाकडे जायला हवा. कोच होऊनही तुम्ही तेच बघत होतात. मला पोस्टवर, म्हणजे रिंगजवळच्या जागेवर, खेळता येत नाही, हे खरं. पण पोस्टवर बॉल कधी, कुठल्या खांद्यावर, किती उंच द्यायचा, हे माझ्याइतकं चांगलं त्या मुलीला कोण सांगणार होतं?

मग आम्ही दोघी बसून शिकलो. तुमच्या संघाचे तुकडे थांबवून थांबवून पाहायचे, पाय कुठे आहेत ते मोजायचे. मायकन ड्रिल, ड्रॉप स्टेप, बॉक्स आउट असे रिंगजवळच्या खेळाचे धडे. बचावाला तिच्या पाठीशी मी उभी राहायची, माझं डोकं तिच्या खांद्याच्या खाली. बाकीच्या मुली हसून लोळायच्या. बॉल मागताना हात वर आणि छाती पुढे, एवढी एकच सक्ती मी केली. कार्डोसोची गोष्ट तिला फार आवडली: ब्राझीलची मुलगी, पंधराव्या वर्षी इंग्रजीचा गंध नसताना अमेरिकेत आलेली, ६ फूट ७ इंच. “मॅडम, तिची आजी काय म्हणत असेल?” एवढाच तिचा प्रश्न होता.

कार्डोसोचा तो २०२४ चा अंतिम सामना. इथे रात्री साडेबाराला सुरू झाला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, ऐन वार्षिक परीक्षेच्या दिवसांत. मुलींना जागायला सांगणं शक्यच नव्हतं. मी एकटीने बघितला. आदल्या वर्षी ३६-० (३६ विजय, पराभव शून्य) असा घोडदौडीत आलेला तुमचा संघ उपांत्य फेरीत आयोवाकडून ७७-७३ ने हरला होता. त्या सामन्यात आयोवाच्या केटलिन क्लार्कने ४१ गुण केले आणि तुमच्या रेव्हन जॉन्सनला बाहेरून टाकायला मोकळं सोडून हाताने “राहू दे” अशी खूण केली. ती खूण जगभर फिरली. त्यानंतर तुमच्या पाचही सुरुवातीच्या खेळाडू गेल्या. नव्या पोरी घेऊन तुम्ही ३८-० केलंत. अंतिम सामन्यात पुन्हा आयोवा. पहिल्या क्वार्टरमध्येच क्लार्कचे १८ गुण. मग तिच्यामागे जी लागली ती तीच रेव्हन जॉन्सन. ८७-७५. बाकावरून आलेल्या तुमच्या मुलींचे ३७ गुण, आयोवाच्या बाकाचे शून्य. हा आकडा मी सरावाच्या फळ्यावर लिहून ठेवलाय. बदली खेळाडूंच्या आया येतात ना, “आमच्या मुलीला खेळवत का नाही” म्हणून, त्यांच्यासाठी आणि त्याहून जास्त माझ्यासाठी.

आणि चषक हातात घेताना तुम्ही क्लार्कचे आभार मानलेत, तिने खेळाला वर नेलं म्हणून. ते बघून मला वाटलं, आभार उशिरा मानण्यात काही अर्थ नसतो.

जाळीच्या तुकड्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. जिंकलेला संघ रिंगची जाळी कापून आठवण म्हणून नेतो, ती जाळी. १९९९ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाला जिंकून देणाऱ्या कॅरोलिन पेक या महिलांची ही राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा जिंकणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला कोच. त्यांनी आपल्या विजयाच्या जाळीचा तुकडा तुम्हाला दिला, तू जिंकलीस की परत कर म्हणून. २०१७ मध्ये तुम्ही जिंकलात. तुमची जाळी २०२१ मध्ये तुकड्यातुकड्यांनी देशभरातल्या कृष्णवर्णीय महिला कोचकडे पोचली. त्याच वर्षी तुम्ही विद्यापीठाशी सात वर्षांचा २ कोटी २४ लाख डॉलरचा करार केलात. मला या दोन्ही गोष्टी सारख्याच मोलाच्या वाटतात. आमच्याकडे बाईने शिकवलं की ती “आवड म्हणून” शिकवते असं धरून चालतात. मानधनाचा विषय काढला की समोरच्याला दुखावल्यासारखं होतं. तो आकडा मी मुलींना शून्यांसकट लिहून दाखवला. त्यांनी शून्यं दोनदा मोजली.

आमची सेंटर आता १७ वर्षांखालच्या गटात खेळते. विभागीय पातळीपर्यंत गेली. राज्य पातळीचं अजून जमलेलं नाही, दहावीचे ग्रेस गुण मात्र पदरात पडले, त्यामुळे घरचे खूश आहेत. आजी सामन्याला येऊन बसते आणि मोठ्याने विचारते की बाकीच्या पोरी हिला बॉल का देत नाहीत. आजीचं बरोबर असतं. यंदा पावसाळा संपला की गार्डांकडून पोस्टला द्यायच्या पासवरच महिनाभर काम करणार आहे.

तुम्ही न बघता दिलेला हा पास मला मिळाला. मनापासून आभार.

तुमची,
५ फूट २ इंचांची एक गार्ड