पट्टी कापताना बॅच नंबर जपा

महोदय,

दहा गोळ्यांच्या पट्टीतून चारच कापून घेतल्या, की बॅच नंबर आणि मुदत छापलेली कड बहुधा दुकानातच राहते. मग सदोष निघालेली बॅच कंपनीने परत मागवली, तरी ती आपल्या घरात आहे का हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून गोळ्या छापील कडेच्या उलट टोकाने वापराव्यात आणि सुट्या घेतल्यास बिलावरचा बॅच नंबर पट्टीशी ताडून बिल जपावे. मुदत ‘०३/२०२७’ असेल तर औषध ३१ मार्चपर्यंत चालते, १ मार्चला बाद होत नाही.

१ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडवर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा आहे. पट्टीवर जागा नसेल तर तो खोक्यावर असतो, त्यामुळे खोके लगेच फेकू नये. कोड नुसता स्कॅन होणे पुरेसे नाही, कारण छापलेला कोड कोणीही उतरवू शकतो. त्यात दिसणारा बॅच नंबर, उत्पादनाचा महिना आणि परवाना क्रमांक पट्टीवरच्या मजकुराशी अक्षरशः जुळला पाहिजे.

लाल चौकटीतली ‘एच १’ सूचना असलेल्या (डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या) औषधांच्या विक्रीची नोंद दुकानदाराला तीन वर्षे ठेवावी लागते. तो चिठ्ठी मागतो ती त्यासाठीच. कृपया हुज्जत घालू नये.

– एक फार्मासिस्ट