सूचना: पुढच्या सत्राआधी एवढं करून या

सभासदहो, पुढच्या सत्रात प्रोटोकॉल (प्रोग्राम नेटवर्कवर एकमेकांशी ज्या नियमांनी बोलतात ते) उलगडायला घेणार आहोत. वायरशार्क (नेटवर्कवरून जाणारा डेटा पकडून दाखवणारं साधन) आधीच इन्स्टॉल करून ठेवा. घिड्रा (तयार प्रोग्राम आतून उलगडून पाहायचं साधन, २०१९ पासून सर्वांसाठी मोफत) लागेल, पण नंतर. थेट डिसअसेंब्लीत (प्रोग्रामचा मशीन कोड सूचनांच्या रूपात वाचण्यात) उडी मारू नका, बहुतेकांचा उत्साह तिथेच मावळतो.

गृहपाठ: एन्क्रिप्शन नसलेल्या साध्या चॅट प्रोग्रामवरून आधी ‘क’, मग ‘कक’ पाठवा. दोन्ही पॅकेटं (पाठवलेल्या डेटाचे गठ्ठे) वायरशार्कमध्ये पकडून हेक्समध्ये (सोळा-आधारी अंकांत) शेजारी ठेवा. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) ‘क’ म्हणजे ई० ए४ ९५, तीन बाइट. मजकुराच्या आधीचा एखादा बाइट नेमका तीनने वाढला असेल, तर ती बहुधा लांबी. शेवटचे बाइट काही ताळमेळ न लागता बदलले तर चेकसमचा (डेटा वाटेत बिघडला का हे तपासायच्या आकड्याचा) संशय घ्या.

प्रयोग फक्त स्वतःच्या किंवा लेखी परवानगी असलेल्या यंत्रणेवर. यात सवलत नाही. कॅप्चर फाइल (पकडलेल्या पॅकेटांची) ग्रुपवर टाकण्याआधी त्यातले पासवर्ड तपासा!