निमॅटोडवाल्या ताईंना, हरिपूरहून

ताई,

सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहू नका असं फाटकातून बाहेर पडताना तुम्ही बजावलं होतंत, म्हणून नुसतं ताई. गल्लीत ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. पत्र उघडं लिहितेय, कारण ज्या मेसेजने आमच्या घरात घोळ घातला तो चारचौघांत फिरत फिरत आला होता. मग आभार तरी गुपचूप कशाला मानू?

सासूबाई गेल्या त्याला दीड वर्ष झालं. त्यानंतर आप्पांचं, म्हणजे सासऱ्यांचं, ताट परत यायला लागलं. आधी अर्धी भाकरी उरायची, मग आख्खी, मग आमटीच्या वाटीवर साय धरेपर्यंत ते नुसते बसून असायचे. ताट मी उचलते, त्यामुळे घरात सगळ्यांच्या आधी ते मला दिसलं. ह्यांचं म्हणणं, वय झालंय, चालायचंच. चाळीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी म्हणून काढलेला, वांगं कृष्णाकाठचं नसेल तर भरीत बाजूला सारणारा माणूस. त्याला दुधी घातला काय नि वांगं घातलं काय, सारखंच झालं होतं. वजन 58 वरून 47 वर आलं तेव्हा मीच हट्टाने मिरजेला नेलं. सगळ्या तपासण्या करून डॉक्टरांनी मिर्टाझापिन ही नैराश्यावरची गोळी दिली, रात्री झोपताना एक. तीनेक आठवड्यांनी ताट पुसलेलं यायला लागलं.

आणि तेवढ्यात तो मेसेज आला. ‘नैराश्यावरच्या गोळीने आयुष्य तीस टक्के वाढते, शास्त्रज्ञांचा शोध.’ चुलत दिरांनी आप्पांना बरं वाटावं म्हणून तो मोठ्याने वाचून दाखवला. आप्पा काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात अभ्रा धुवायला काढला तर आत सहा गोळ्या. गोळी मधेच सोडल्याने झोप उडाली होती, घाम फुटत होता, उठलं की चक्कर येत होती, आणि आम्ही आपले बीपी मोजत बसलो होतो. विचारलं तर म्हणाले, “माझं आयुष्य वाढवा म्हणून कुणी सांगितलं हुतं तुमाला? हाय ते सरंना.”

याला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही. खरं सांगते, अजूनही सुचत नाही.

तुम्ही गौरीला माहेरी आला होतात. तुम्ही पुण्यात म्हातारपणावरच संशोधन करता एवढं ऐकून होते, म्हणून हळदीकुंकवाला गाठलं. तुमचा पहिला प्रश्न मला आठवतोय: “डॉक्टरांना कळवलंत का?” नव्हतं कळवलं. “मी गोळ्या देणारी डॉक्टर नाही,” म्हणालात आणि माझ्याच फोनवरून मला त्यांना फोन लावायला लावलात. ते होईपर्यंत बाकी एक अक्षर बोलला नाहीत. आभार मानायचे तर आधी त्याचे. दुसऱ्या कुणी तिथेच स्वतःची हुशारी दाखवली असती.

मग आप्पांपाशी येऊन बसलात आणि म्हणालात, “तो मेसेज निमॅटोडचा आहे.” आप्पा दीड वर्षात पहिल्यांदा ताठ बसले. निमॅटोड म्हणजे आमच्याकडे टोमॅटोच्या आणि डाळिंबाच्या मुळ्यांना गाठी आणणारी कीड. “त्याला माराय आमी औषधं घालतुय, आन् तुमी त्याचं आयुष्य वाढवताय व्हय?” तुम्ही इतक्या मोठ्याने हसलात की आतून बायका बघायला आल्या.

हा निमॅटोड वेगळा, असं तुम्ही सांगितलंत. एक मिलिमीटरचा, काचेसारखा आरपार दिसणारा, जंतूंवर जगणारा, पिकाला न शिवणारा. मज्जापेशी मोजून 302. दोन-तीन आठवड्यांत जन्म, म्हातारपण, मरण सगळं उरकतं, म्हणून म्हातारपण अभ्यासायला सोयीचा. अमेरिकेत सिअ‍ॅटलला लिंडा बक यांच्या प्रयोगशाळेत मायकेल पेट्राशेक आणि सहकाऱ्यांनी अशा प्रौढ किड्यांवर 88,000 रसायनं एकेक करून तपासली. बक यांना 2004 साली वासाच्या संशोधनासाठी नोबेल मिळालेलं. त्या ढिगातून किड्याचं आयुष्य वाढवणारं मियान्सेरिन नावाचं नैराश्यावरचं औषध वर आलं, आणि 2007 मध्ये ते ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं.

किडा जास्त का जगतो, तर हे औषध त्याच्या मज्जापेशींमधला सेरोटोनिन या रसायनाचा निरोप अडवतं. अन्न आहे-नाही ही खबर त्याच वाटेने जाते. पुढ्यात खाणं असतं, पण अंगाला वाटतं जत-आटपाडीसारखा दुष्काळ पडलाय. मग शरीर काटकसरीवर येतं आणि झीज मंदावते. आधीच अर्धपोटी ठेवलेल्या किड्यांना औषध दिलं तर फारशी भर पडत नाही, यावरूनच त्यांना ही वाट सापडली म्हणे. आप्पांनी लगेच पेव काढलं. हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या खड्ड्यात, हळद भरून तोंड लिंपलं की आत हवा राहत नाही, कीड लागत नाही, माल वर्षानुवर्षं टिकतो. पेव उघडलं की आत आधी कंदील सोडून बघायचा, तो विझला तर माणूस उतरवायचा नाही. 2005 च्या पुरात कितीतरी पेवं गेली, तेही सांगून झालं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “थोडं तसंच. पण आप्पा, तुमची हळद उकडलेली असते. हा किडा जिवंत आहे.” आप्पांना हे पटलं. मला त्या दोघांच्या वादात मजा वाटत होती, गौरीचा नैवेद्य मागे राहिला तरी.

मग तुम्ही जे बोललात ते मी त्याच रात्री किराणाच्या वहीत लिहून ठेवलं: “त्या किड्याला पोट भरलेलं असून उपाशी वाटतं. तुमचं पोट रिकामं आहे आणि तुम्हाला भरल्यासारखं वाटतं. तुमची गोळी तुमच्यासाठी आहे, त्याची त्याच्यासाठी.” मिर्टाझापिन हे मियान्सेरिनचं चुलत भावंड, एका कार्बनच्या जागी नायट्रोजन एवढाच फरक. पण माणसात ते भूक आणि झोप वाढवतं, आणि त्याने माणसाचं आयुष्य लांबतं असं कुणीही दाखवलेलं नाही. वर 2015 मध्ये पेट्राशेक यांच्याच गटाने असंही दाखवलं की किड्यातही मियान्सेरिन म्हातारपण ताणत नाही, लांबते ती तरुणपणाचीच मुदत. “मग माझी गाडी कवाच गेली,” आप्पा म्हणाले. पण सुटका झाल्यासारखं म्हणाले.

ही ‘येड्याची गोळी’ आहे, ही आप्पांच्या मनातली अढी राहिली होती. त्यावर तुम्ही टीबीची गोष्ट काढलीत. 1952 मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात टीबीच्या रोग्यांना इप्रोनियाझिड दिलं, तर मरगळलेली माणसं जेवायला, हसायला लागली. नैराश्यावरच्या पहिल्या औषधांपैकी एक ते असं मिळालं. पुढे यकृताला त्रास होतो म्हणून ते मागे पडलं. तुम्हाला माहीत नव्हतं, पण आप्पांचा थोरला भाऊ वानलेसवाडीच्या टीबीच्या सॅनिटोरियममध्ये होता. तेव्हा लोक त्यांच्या दारावरून जायचे नाहीत. आप्पा बराच वेळ गप्प बसले आणि मग मला म्हणाले, “पाणी आण.”

तुम्ही पेढेही घेतले नाहीत. सुट्टी चार दिवसांची, त्यातली संध्याकाळ आमच्या ओट्यावर गेली, त्याचं काय?

आप्पा आता 52 किलो आहेत. वाईट दिवस येतात अजून, परवाच सासूबाईंचा डबा उघडून बसले होते. पण काल भरीत पुढे केलं तर म्हणाले, “ही वांगी कृष्णाकाठची न्हाईत.” नव्हतीच, बाजारात घाईने घेतली होती. ताई, मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दिवाळीला या. आप्पांनी एक प्रश्न विचारून ठेवायला सांगितलाय: त्या निमॅटोडचं औषध मधेच बंद केलं, तर त्यालाही चक्कर येते का?

तुमची,
आप्पांची सून
हरिपूर, सांगली